खालचा आवाज

शाळेत पंधरा ऑगस्टच्या गाण्यासाठी बाराजणींना निवडलं होतं. त्यात माझी निवड झाली ती आवाजामुळे नव्हे, उंचीमुळे. मागच्या ओळीच्या टोकाला एक उंच मुलगी हवी होती, म्हणून मी. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गाण्याचे मास्तर पेटी सोडून उठले आणि एकेकीच्या तोंडाजवळ कान नेत ओळीतून फिरू लागले. माझ्यापाशी येऊन थांबले. मला वाटलं, शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "तू नुसते ओठ हलव."

मी ओठ हलवले. कार्यक्रम उत्तम झाला. समोर बसलेल्या एका बाईंनी तर माझ्या हावभावांची खास तारीफ केली.

माझा आवाज जाड होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला अंगणातून हाक मारायला सांगितली की शेजारचे काका ओ द्यायचे, त्यांना वाटे कुणी पुरुष बोलावतोय. पण मास्तरांची तक्रार वेगळी होती. सगळ्या मुली गाण्यात वर चढल्या की मी खाली उतरायचे. चुकून नव्हे आणि मुद्दामही नव्हे. मला ते गाणं तिथेच, त्यांच्या जरा खाली, बरं वाटायचं. सावलीतून चालावं तसं. हे मास्तरांना सांगायची सोय नव्हती.

मालवणात वडील कोर्टात कारकून होते. दिवसभर साहेबांसमोर शुद्ध मराठी बोलून घरी आले की टोपीबरोबर ती भाषाही खुंटीला लावायचे. सातवी झाल्यावर माझं पुढे काय करायचं, यावर त्यांचं नि आईचं एकदाच बोलणं झालं.

"शिवण शिकांदे," आई म्हणाली. "थंय आवाज लागणा नाय."

बिचारीचा अंदाज साफ चुकला.

शिवण शिकवणाऱ्या ख्रिस्ती मावशींचं घर समुद्राच्या बाजूला होतं. नवरा वारलेला, मुलगा बोटीवर भटारी, म्हणजे आचारी, घरात त्या आणि तीन मुली. पडवीत दोन पायमशिनी, भिंतीला कागदी नमुने टांगलेले आणि कोपऱ्यात गावातल्या निम्म्या बायकांच्या पोलक्यांचा ढीग. पहिल्या दिवशी मी फाटकातून आत शिरले तर आतून तिघी बहिणींचा आवाज येत होता. एकाच गाण्याचे शब्द तिघी तीन तऱ्हांनी म्हणत होत्या. मला वाटलं, यांचं भांडण चाललंय. मी पायरीवरच थांबले. मग लक्षात आलं की भांडणात कुणी असं एकदम थांबत नाही आणि एकदम परत सुरू होत नाही.

पहिले दोन महिने मी फक्त काजं केली. पोलक्याला पाच काजं, दिवसाला सात-आठ पोलकी. बोटांना भोकं पडली, पण कान तृप्त झाले. धाकटी वरचा आवाज गायची, तोच गाण्याचा मुख्य सूर. मधली तिच्या जरा खालून. थोरली सगळ्यात खाली, तिचा आवाज माझ्यासारखाच जाड होता. मशीनच्या पायट्यावर ताल चालायचा. गाणं जलद झालं की शिलाईही जलद व्हायची, आणि मग एखाद्या झग्याची किनार दोन बोटं वाकडी निघायची. मावशी ओरडायच्या, उसवायला लावायच्या, आणि उसवताना स्वतःच गुणगुणायच्या.

थोरलीचं लग्न ठरलं. नवरा वेंगुर्ल्याचा. घरात आनंद होता, पण गाण्याची पंचाईत झाली. थोरली घरी नसताना दोघीच गायला बसल्या की मावशी मान हलवायच्या, "तीन पायांच्या चुलीचो एक पाय काढल्यासारख्या वाटता."

अशाच एका दुपारी थोरली नवऱ्याकडच्या मंडळींना भेटायला गेली होती. दोघी बहिणी गात होत्या, मी काजं करत होते. कधी सुरुवात केली ते मला खरंच कळलं नाही. धाकटीची मशीन थांबली. मग मधलीची. पडवीत फक्त माझा आवाज उरला आणि तो मलाच ऐकू आला. सुई बोटात घुसली.

"चुकलंय मावशी," मी म्हटलं. "परत नाय म्हणूचंय."

"परत म्हण," मावशी म्हणाल्या.

"नको."

"म्हण गो! ह्या कोणी शिकवला तुका?"

"कोणी नाय. मास्तरांनी नको म्हणान सांगितलेला."

मावशींनी मास्तरांविषयी कोंकणीत जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी मला उठवून दोघींच्या मध्ये बसवलं. एका कानात बोट घालायला लावलं. म्हणाल्या, "आवाज शेजाऱ्यांसारखे रवतले. शेजारणीचा आयकूचा, पण तिच्या घरात शिरूचा नाय." गाण्याचं एवढंच शिक्षण मला आयुष्यात मिळालं, आणि ते पुरलं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी मुलींचा बोटीवरचा भाऊ सुट्टीवर आला. येताना चावीचा ग्रामोफोन आणि पाचसहा तबकड्या घेऊन आला. एक तबकडी अमेरिकेतली होती, तिथल्या कुठल्याशा बंदरात विकत घेतलेली. गाणारे चार काळे तरुण आहेत, असं त्याने सांगितलं. वाद्यं जवळजवळ नव्हतीच. एकजण वर गात होता, जीव तोडून. दोघे मध्ये त्याला धीर देत होते. आणि तळाशी एकजण, विहिरीत उतरून बोलावं तसा, नुसता धुम् धुम् करत सगळ्यांना उचलून धरत होता. मी पुतळ्यासारखी बसले. तो माझा माणूस होता! सातासमुद्रापलीकडे कुणीतरी त्याला तळाशी उभं केलं होतं आणि 'नुसते ओठ हलव' असं कुणी म्हटलं नव्हतं.

शब्द कुणालाच कळेनात. 'बेबी' तेवढं सारखं येत होतं. मावशींनी लक्ष देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "पोराक निजवतत. एवढे रडान सांगतत, तरी पोर काय निजणा नाय." भाऊ खो खो हसत बाहेर गेला. आम्ही मात्र ते अंगाईगीत समजूनच शिकलो. शब्दांच्या जागी मधलीने कोंकणी शब्द बसवले, त्यात एक हट्टी बाळ आणि चार मामा होते. मी चौथा मामा.

थोरलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होता. नवरीला पाटावर बसवून नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात, भोवती बायका गातात. मला लोकांसमोर पहिल्यांदाच तिसरा आवाज लावायचा होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक चाललं. मग गर्दीत मला माझ्या वर्गातल्या दोन मुली दिसल्या, नि माझा पाय घसरला. मी थेट मधलीच्या घरात शिरले. आता सगळं कोसळणार, तेवढ्यात पाटावरून आवाज आला. नवरी, डोळे मिटलेले, केसांतून नारळाचा रस गळतोय, आणि तिने माझा सूर उचलून धरला. चार ओळी ती माझ्याबरोबर चालली. मी सावरल्यावर एका डोळ्याने माझ्याकडे बघून गप्प झाली. मागे बसलेल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, नवरी बघा किती खुशीत आहे.

घरी गेले तर आई दारातच उभी. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"गाणी म्हटलंस?"

"होय."

"आणि खाल्लंस काय?"

"केक दिल्यानी."

आईने कपाळाला हात लावला. "आज सोमवार मा गो! केकात अंडा असता."

वडील आतून म्हणाले, "खाल्लेला खाल्ला. गाणा कसा झाला ता विचार आधी." मग मी ते अंगणात म्हणून दाखवलं. एकटीने तळाचा आवाज म्हणायचा म्हणजे नुसतं धुम् धुम्. वडील पुष्कळ वेळ वाट बघत राहिले, गाणं केव्हा सुरू होतंय म्हणून.

दोन-अडीच वर्षं आम्ही तिघी गायलो. बारशी, लग्नं, नाताळ. मग मधलीला मुंबईला नोकरी लागली, आणि त्याच वर्षी माझंही लग्न झालं. धाकटी एकटी उरली. ती म्हणाली, "आता मी काय करू? वरचो आवाज घेऊन माडार चढू?"

माझं सासर कुणकेश्वरला, देवळापासून हाकेच्या अंतरावर. यजमान प्राथमिक शिक्षक, सासरे लवकर गेलेले, घरात फक्त सासूबाई. पण 'फक्त' हा शब्द त्यांना शोभत नाही. त्यांचा आवाज आख्ख्या वाडीत प्रसिद्ध होता. बारीक, धारदार, सुईसारखा. फुगड्या असोत की भजन, गाणं त्यांनी उचलायचं आणि बाकीच्या बायकांनी मागून म्हणायचं. दुपारी भांडी आवरली की आमच्या पडवीत दहाबाराजणी जमायच्या. त्यांत देवळापाशी बेल-नारळ विकणारी एक बाई होती. ती आली नाही तर सासूबाई गाणं सुरू करत नसत. ताल तिच्या हातात होता.

मी वर्षभर तोंड उघडलं नाही. चहा करायचे, बसायचे, टाळ्या वाजवायचे. एके दिवशी सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "गो, तुका गाणा येयत नाय काय?"

"येता थोडा."

"मग म्हण. लाज कसली?"

मी म्हटलं. म्हणजे त्यांच्या खालून सुरू झाले. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या. सगळ्या थांबल्या.

"ह्या काय?" सासूबाई म्हणाल्या. "तू माका खाली ओढतंस."

"ओढूक नाय, आई. खालसून धरतंय."

"मी पडतंय काय धरूक?"

बायका हसल्या. मीही हसले, पण आत जाऊन चहाच्या भांड्यावर राग काढला. पुढचे आठ दिवस पडवीत गाणं झालं नाही. सासूबाईंनी सांगितलं, घसा बसलाय. त्यांचा घसा अजिबात बसलेला नव्हता. माझ्या नावाने हाका मारताना तो चांगला चालत होता.

आमच्या ह्यांच्याकडे एक जुनी पेटी होती. वाजवता फार येत नसे, पण शाळेच्या प्रार्थनेपुरती यायची. एका रविवारी हे ओसरीवर पेटी घेऊन बसले होते आणि सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. ह्यांनी दोन पट्ट्या एकदम दाबल्या. हे माझ्यासाठी केलं की सवयीने, हे मी पुढे कितीदा विचारलं. नीट उत्तर कधीच दिलं नाही. सासूबाईंचे हात थांबले.

"परत दाब रे."

ह्यांनी दाबल्या.

"आता नुसती एक." मग, "आता ती खालची." मग परत दोन्ही.

तांदळाचं सूप तसंच मांडीवर. मग म्हणाल्या, "पेटयेक दोन सूर एकदम चलतत. तिका कोण बेसूर म्हणणा नाय." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "गो! हंय ये. त्या दिवशीचा म्हण बघू."

त्या दिवशी आम्ही दोघींनी पहिल्यांदा एक गाणं शेवटपर्यंत म्हटलं. त्या सारख्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या. मी कधी ओढते याची वाट बघत असाव्यात. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "पायाखाली फळी असल्यासारख्या वाटता." मावशींच्या चुलीपासून या फळीपर्यंत मी पोचले होते. बेल-नारळवालीला मधला आवाज आपोआपच सापडला. ती म्हणाली, मला कुठे काय करायचंय, तुमच्या दोघींच्या मधून वाट काढली की झालं.

मग आमची तिघींची ती तऱ्हा गावात रुळली. बाकीच्या मागून म्हणायच्या. यात्रेत कुणीतरी आमचं गाणं ऐकलं आणि विजयदुर्गला बायकांच्या भजनांची स्पर्धा होती, तिचं बोलावणं आलं.

तेव्हा जायचं म्हणजे तरीतून खाडी ओलांडून देवगड आणि तिथून एसटी. सासूबाईंनी आयुष्यात एसटीत पाय ठेवला नव्हता. पहिल्या घाटीतच त्यांचा चेहरा पांढरा झाला. दुसऱ्या वळणावर डोकं खिडकीबाहेर. पुढच्या तासाभरात त्यांनी जे सोसलं त्याने त्यांचा घसा खरोखरच बसला. विजयदुर्गला उतरलो तर तोंडातून नुसती हवा. त्या खुणेने म्हणाल्या, तुम्ही म्हणा. बेल-नारळवाली रडकुंडीला आली.

"मी मधली बाई. माझ्या वर कोण नसलो तर मी मधली कशी?"

"आज तू वरची," मी म्हटलं.

मांडव भरलेला होता. परीक्षक कुठूनसे आलेले भजनाचे एक बुवा, जरीची टोपी, पुढ्यात कागद. आमचं नाव पुकारलं. सासूबाई टाळ घेऊन मध्ये बसल्या. बेल-नारळवालीने डोळे गच्च मिटून गाणं उचललं, आणि काय सांगू, तिचा आवाज छान निघाला, ओला, थोडा कापरा. मी खालून धरला. मागच्या बायका साथीला. चांगलं चाललं होतं. मग तिसऱ्या कडव्याला सासूबाईंना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं आणि जो आवाज बाहेर आला तो बेडकाला मागे टाकणारा, घोगरा, माझ्याहूनही खाली. मी दचकले. बेल-नारळवालीने डोळे उघडले. पण गंमत म्हणजे तो सुरात होता. माझ्या खाली आणखी एक तळ लागला. त्या तिथेच राहिल्या शेवटपर्यंत, मान डोलवत, टाळ वाजवत.

बुवांनी गाण्यानंतर दोन शब्द सांगायची पद्धत होती. ते शुद्ध भाषेत म्हणाले, "भाव चांगला आहे. पण बायांनो, भजनात सूर एक असावा लागतो. तुमच्यातल्या दोघी वाटेत भरकटल्या."

आम्ही खाली बघत होतो. सासूबाई टाळ मांडीवर ठेवून, होता नव्हता तो आवाज काढून म्हणाल्या, "भरकटाक नाय ओ बुवा. आमी मुद्दाम गेलेलंव थंय."

अख्खा मांडव हसला. बुवाही हसले, टोपी सरळ केली, पण गुण दिले नाहीत. आमचा नंबर शेवटून दुसरा. शेवटचा ज्या मंडळाचा आला त्याची पेटी फुटली होती. परतीच्या एसटीत सासूबाई माझ्याशेजारी पुढच्या सीटवर लिंबू हुंगत बसल्या होत्या. कधी नव्हे ते माझा हात धरून होत्या. देवगड येईपर्यंत सोडला नाही.

पुढे चारपाच वर्षं आमचं पडवीतलं गाणं चालू राहिलं. मग ह्यांची बदली वैभववाडीच्या बाजूला झाली, घाटाखालच्या एका गावात. सासूबाईंनी कुणकेश्वर सोडायला साफ नकार दिला. आम्ही शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या घेतल्या, मी मशीन मांडली. भातलावणी संपली की बायका पोलकी शिवून घ्यायला यायच्या आणि थांबायला लागलं की गायच्या. उघड्यावर गाणाऱ्या बायका त्या. आवाज असे की समोरच्या काजूच्या बागेतले पक्षी उठायचे. त्यांना दोन आवाज शिकवायचा मी चंग बांधला, पण जमेना. ज्या बाईचा आवाज मोठा, तिच्यामागे सगळ्या धावायच्या. शेवटी मी निम्म्या खोलीत बसवल्या आणि निम्म्या पडवीत, मध्ये दार लोटलं. पहिल्याच ओळीला पडवीतून ओरडा आला, "भायल्यांनो नाय, भितरल्यांनो चुकलास!" आतून उत्तर आलं, "आमी नाय, तुमीच!" दोन आठवडे हे भांडण चाललं. मग एक दिवस दार उघडलं तरी कुणी कुणाच्या मागे धावलं नाही. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांतली एक बाई गाता गाता गप्प झाली आणि नुसती ऐकत बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय. मी थांबलंय तरी गाणा चललाच आसा."

त्यानंतरच्या मे महिन्यात सासूबाई आल्या. एसटीने, कागदात लिंबं बांधून. दोन दिवस तब्येत, गाव, आंबे अशा सगळ्या गजाली झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच विचारलं, "आई, आपल्या पडवीत गाणा होता काय अजून?"

"होता तर! बेल-नारळवालीची सून वरचो आवाज म्हणता. चेडू बरा आसा."

"आणि तुमी?"

"माझो आवाज आता वर जाणा नाय गो. मी तुझी जागा घेतलंय," त्या म्हणाल्या. मग, "एवढी बरी जागा आसा म्हणान सांगूक नाय कधी तू."

मी म्हटलं, चला, म्हणूया. त्यांनी घसा साफ केला, मीही केला. दोघी खालून सुरू झालो आणि दोघी थांबलो. वर कुणीच नव्हतं. दोघींपैकी एकीने वर जायला हवं होतं, पण त्या म्हणाल्या मला जमणार नाही, आणि मी म्हटलं मला कधी जमलंच नाही. तेव्हा दोघींनी ओसरीकडे पाहिलं. हे वर्तमानपत्र वाचत होते.

"रे," सासूबाई म्हणाल्या, "तू ये हंय."

"माका गाणा येणा नाय, आई."

"तुका सूर धरूक कोणी सांगूक नाय. आमी धरतंव. तू नुसतो वर चल."

ह्यांनी चष्मा काढला, वर्तमानपत्र घडी करून पाटाखाली ठेवलं आणि आमच्यासमोर येऊन बसले. पहिली ओळ शाळेच्या प्रार्थनेसारखी, हात जोडूनच म्हटली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. घरमालकीणबाई परसातून ओल्या हातांनी धावत आल्या, मास्तरांना काय झालं म्हणून. सासूबाईंनी त्यांना हातानेच बसायची खूण केली.